विश्लेषण : खांदे टेकले की नाही? ‘महाराष्ट्र केसरी’चा निकाल लागतो, मग वाद का संपत नाही?

पनवेल : महाराष्ट्र केसरीची मानाची गदा २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरमध्ये पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने उंचावली. अंतिम लढतीत त्याने सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला २-१ असे हरवले. मात्र त्या रात्रीची आठवण काढली की कुस्तीशौकिनांच्या तोंडी पहिले नाव येते ते शिवराज राक्षेचे. त्याचे दोन्ही खांदे गादीला खरेच टेकले होते का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कामोठे, कळंबोली, खारघर आणि नवीन पनवेलमध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून येऊन स्थिरावलेली हजारो कुटुंबे आहेत. गावची यात्रा चुकली तरी मैदानाचे थेट प्रक्षेपण ती मोबाइलवर चुकवत नाहीत. इकडे रायगडच्या आगरी-कोळी गावांतही जत्रेला कुस्त्या लागतातच. त्यामुळे या भागात दोन शौकीन भेटले की तीन मते निघतात. या मतभेदांमागे नियमाचा भाग किती, व्यवस्थेचा किती आणि निव्वळ आपल्या पैलवानावरच्या मायेचा किती, हे समजून घेण्यासाठी त्या दिवसापासूनच सुरुवात करावी लागते.

अहिल्यानगरमध्ये नेमके काय घडले?

महाराष्ट्र केसरीचा किताबी गट ८६ ते १२५ किलो वजनाचा. या गटात गादी आणि माती असे दोन विभाग असतात आणि दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत एकमेकांसमोर येतात. अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानात गादी विभागाच्या अंतिम फेरीत मोहोळ आणि राक्षे समोरासमोर आले. राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील राक्षेवाडीचा, पण नांदेडकडून खेळणारा. (पैलवानाने दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरणे यात नवल नाही. बलाढ्य जिल्ह्यांतील निवड चाचणी पार करणे हीच एक स्पर्धा असते.)

मोहोळने डाव टाकला, राक्षे खाली गेला आणि पंचांनी चितपट जाहीर केली. राक्षेने तिथेच हरकत घेतली. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडीओ पाहून निर्णय द्या, ही त्याच्या बाजूची मागणी होती. ती मान्य झाली नाही. वाद वाढला, राक्षेने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुढे अंतिम लढतीतही शेवटचे काही सेकंद उरले असताना गायकवाडने गुणावरून आक्षेप घेतला आणि तो मैदान सोडून गेला. मोहोळ विजयी ठरला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवरही तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

लाथ मारण्याचे समर्थन होऊ शकत नाही. ते करणाऱ्या शौकिनांनी एवढेच पाहावे की त्या लाथेमुळे राक्षेची मूळ तक्रार मागे पडली. खांद्यांविषयी बोलायचे ते सगळे पायाविषयी बोलू लागले. मात्र पंचाला मारले म्हणून पंचाचा निर्णय आपोआप बरोबर ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक भांडणांत ते एकाच पोत्यात भरले जातात.

चितपट म्हणजे नियमाच्या भाषेत काय?

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. गादीवरची कुस्ती ‘युनायटेड वर्ल्ड रेसलिंग’ या जागतिक संघटनेच्या नियमांनी चालते. त्या नियमांनुसार खांदे गादीला नुसते ‘लागणे’ पुरेसे नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले हवेत आणि वरच्या पैलवानाचा पूर्ण ताबा पंचाला दिसेल इतका वेळ ते तसेच रोखून धरलेले हवेत. तो वेळ सेकंदांत दिलेला नाही. तो क्षणभराचा असू शकतो, पण शून्य असू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चितपट एकटा पंच देत नाही. गादीवरचा पंच, बाजूला बसलेला जज आणि मॅट चेअरमन असे तिघे मिळून निर्णय घेतात. पंचाला खांदे टेकल्याचे दिसले, की तो उरलेल्या दोघांपैकी किमान एकाची संमती घेतो. त्यानंतर हाताने गादीवर थाप मारतो आणि शिट्टी वाजवतो. थाप पडली की कुस्ती संपली. इतर गुणांचे तसे नसते. चुकून दिलेला गुण नंतर काढून घेता येतो, कुस्ती पुढे चालू राहते. चितपटीनंतर पुढे चालू राहायला काही उरतच नाही. म्हणून चितपटीच्या निर्णयात घाई झाली असे वाटले, की पैलवान आणि प्रेक्षक दोघेही भडकतात.

मातीच्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर वेगळे होते. ‘पाठीला माती लागली’ हा हरण्याचा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. अंगभर माती फासलेली असली तरी पाठ आखाड्याला दाबली गेली की ते जवळून दिसते, असा जुन्या वस्तादांचा भरवसा. त्यातूनही शंका राहिली, तर कुस्ती पुन्हा लावायची. यात्रेतल्या मैदानात हे सहज चालते, कारण तिथे निकाली कुस्तीला वेळेची चौकट ढिली असते आणि कुस्ती बरोबरीत सोडवण्याचा मार्गही खुला असतो. अजिंक्यपद स्पर्धेत बरोबरी नावाची सोयच नाही. गादीवर डागही उरत नाही.

मग व्हिडीओ पाहून प्रश्न का मिटत नाही?

मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक ‘पुराव्यां’चे स्वरूप सारखेच असते. थांबवलेल्या व्हिडीओचा स्क्रीनशॉट, त्यावर लाल वर्तुळ आणि खाली ‘आता सांगा’. एका गटाच्या चित्रात खांदा टेकलेला दिसतो, दुसऱ्याच्या चित्रात खांद्याखाली फट दिसते. गंमत अशी की दोन्ही चित्रे खरी असू शकतात.

साधा व्हिडीओ सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे टिपतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ ते ४० मिलिसेकंदांचे अंतर. दोन भारी पैलवान एकमेकांत गुंतून गादीवर आदळतात तेव्हा तेवढ्या अवधीत खांदा टेकून उचललेलाही असतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना व्हिडीओची गुणवत्ता घसरते आणि खांद्याची कडा नि गादीचा रंग एकमेकांत मिसळतात. मुख्य अडचण मात्र वेगळीच. नियम ‘टेकून रोखले का’ असे विचारतो आणि रोखणे ही काळाची गोष्ट आहे. थांबवलेल्या चित्रात काळच नसतो. त्यामुळे एका स्क्रीनशॉटवरून चितपट सिद्ध करता येत नाही. नाकारायची असेल, तरी तो नेमका कोणत्या क्षणाचा आहे हे कळल्याशिवाय उपयोग नाही.

कॅमेऱ्याचा कोनही महत्त्वाचा. प्रेक्षकांतून, उंचावरून घेतलेल्या चित्रणात खांदा आणि गादी यांच्यातली दोन बोटांची फट दिसतच नाही. ती दिसायची तर कॅमेरा जवळपास गादीच्या पातळीवर हवा, आणि एका बाजूचा खांदा पैलवानाच्या अंगाआड जातो म्हणून दोन बाजूंना दोन हवेत. क्रिकेटमध्ये धावचीतसाठी कॅमेरे रेषेच्या सरळ रेषेत लावतात, त्यामागचे कारण हेच.

गुणांबाबतच्या वादासाठी नियमांत सोय आहे, तिला ‘चॅलेंज’ म्हणतात. प्रशिक्षक कोपऱ्यातून एक मऊ ठोकळा गादीवर फेकतो, मॅट चेअरमन चित्रण पाहतो. दाद मागणारा बरोबर निघाला तर त्याचा हक्क शाबूत राहतो. चुकला तर प्रतिस्पर्ध्याला १ गुण मिळतो आणि पुढे दाद मागता येत नाही. ही पद्धत चांगली आहे, पण ती चालण्यासाठी चांगले चित्रण, ते लगेच दाखवणारी यंत्रणा आणि ते शांतपणे पाहण्याइतकी मोकळी जागा लागते. गादीभोवती कार्यकर्ते, पाहुणे, माजी पैलवान आणि सेल्फी घेणारे यांचे कडे असेल, तर कॅमेऱ्यालाच काय, जजलाही नीट दिसत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या मैदानांत हे कडे किती दाट असते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला सांगावे लागत नाही.

वाद पहिलाच आहे का?

नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत माती विभागाची अंतिम लढत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्यात झाली. सिकंदर मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा, घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. त्याचा चाहतावर्ग अफाट. गायकवाडने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्याला ४ गुण दिले. कुस्ती तिथेच फिरली. सिकंदर पाठीवर गेलाच नव्हता, कुशीवर पडला होता, त्यामुळे ४ नव्हे तर २ गुण हवे होते, असा त्याच्या चाहत्यांचा दावा. समाजमाध्यमांवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या लढतीतील एका पंचाला फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

या वादातला नियम समजून घेण्यासारखा आहे. उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून नुसता ताबा घेतला तर २ गुण. त्याच फेकीत तो थेट ‘धोक्याच्या स्थिती’त गेला तर ४. आणि धोक्याची स्थिती म्हणजे? पाठीची रेषा गादीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करते ती. ९१ अंश असेल तर २ गुण, ८९ असेल तर ४! हवेत फिरणाऱ्या, शंभर किलोहून जड माणसाच्या पाठीचा कोन पंचाने नुसत्या डोळ्यांनी मोजायचा असतो. अशा वेळी दोन जाणकारांचे मत वेगळे पडले, तर त्यातला एक विकला गेलेला आहे असे समजायचे कारण नाही. दुर्दैवाने शौकिनांची पहिली शंका तीच असते.

सिकंदरला फार थांबावे लागले नाही. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला पुणे जिल्ह्यातल्या फुलगावात त्याने अंतिम लढतीत राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. त्या निकालावर कोणी लाल वर्तुळ काढले नाही. इतकी स्वच्छ चितपट झाली की वादाला जागाच राहत नाही, आणि म्हणूनच जुनी मंडळी गुणांच्या कुस्तीला नाके मुरडतात.

जुन्या जखमाही अधूनमधून उघड्या होतात. अहिल्यानगरच्या प्रकारानंतर २००७ आणि २००८ चा महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील याने आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. सलग तिसऱ्या किताबाच्या वेळी, २००९ मध्ये, आपल्यावरही अन्याय झाला होता, असे त्याचे म्हणणे. सोळा वर्षांनीही पैलवान तो क्षण विसरलेला नाही, हे त्यातून दिसते.

२-१ अशी कुस्ती निकाली कशी?

टीव्हीसमोर बसलेल्या आजोबांचा हा हमखास प्रश्न. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. पैलवान नुसता रेटारेटी करत राहिला तर आधी समज मिळते. पुढे त्याला ३० सेकंद दिले जातात आणि तेवढ्यात गुण केला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला १ गुण. रेषेबाहेर ढकलले तरी १ गुण. अशा एकेका गुणावर मोठ्या कुस्त्या संपतात. १-१ असेल तरी बरोबरी नसते. मोठ्या गुणाचा डाव कोणाचा, ताकिदी कोणाला कमी, हे आधी पाहतात आणि तेही सारखे निघाले तर शेवटचा गुण घेणारा जिंकतो. म्हणून अखेरच्या अर्ध्या मिनिटात रेषेवरच्या एका पावलावरून रणकंदन होते. दहा गुणांची आघाडी झाली की वेळ उरलेला असला तरी कुस्ती थांबते.

मातीतल्या पैलवानाचा तोटा होतो का?

पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या शौकिनांचा हा लाडका मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. दोन विभाग असले तरी अंतिम लढत गादीवर होते. म्हणजे माती विभाग जिंकलेल्या पैलवानाने आठवडाभर ज्या पृष्ठभागावर झुंज दिली, तो शेवटच्या कुस्तीला पायाखालून काढून घेतला जातो. मातीत पाय रुततो, पकड घामाने कमी निसटते आणि चाल संथ असते. गादीवर पाय झटकन सरकतो, पटात शिरणे सोपे आणि वेग निर्णायक.

गेल्या काही वर्षांतल्या पाच अंतिम लढती पाहा. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत गादीच्या हर्षवर्धन सदगीरने मातीच्या शैलेश शेळकेला ३-२ असे हरवले. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात गादीच्या पृथ्वीराज पाटीलने मातीच्या विशाल बनकरवर ५-४ अशी मात केली. कोल्हापूरकडे तब्बल २१ वर्षांनी गदा आली ती तेव्हा. जानेवारी २०२३ मध्ये गादीच्या राक्षेने मातीच्या गायकवाडला चितपट केले. २०२५ मध्ये पुन्हा गादीचा मोहोळ आणि मातीचा गायकवाड. या चारही वेळा जिंकली गादी. फुलगावात सिकंदरने मातीतून येऊन गादीवर बाजी मारली, तो एकच अपवाद. पाच लढतींवरून सिद्धांत मांडता येत नाही. गादीचे गट जास्त खडतर असल्यानेही तिकडचा विजेता सरस ठरत असेल. पण ‘मातीवाल्यांवर अन्याय’ ही ओरड अगदीच हवेतली नाही, एवढे म्हणता येते.

उलट बाजूही ऐकायला हवी. ऑलिंपिक गादीवर होते. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले, त्यानंतर महाराष्ट्राच्या कुस्तीला ऑलिंपिक पदक नाही. मातीचा सराव कितीही मोलाचा असला तरी राज्याचा सर्वोच्च किताब मातीवर द्यायला लागलो, तर पोरे गादीकडे वळणार कशी, असे प्रशिक्षक विचारतात. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकलेला राहुल आवारे हे त्यांचे आवडते उदाहरण.

एकाच जिल्ह्यात, दोन महिन्यांत दोन ‘महाराष्ट्र केसरी’?

होय. फेब्रुवारीत अहिल्यानगर शहरात मोहोळला गदा मिळाली. मार्च संपता संपता त्याच जिल्ह्यातल्या कर्जतमध्ये दुसरी स्पर्धा झाली आणि तिथे वेताळ शेळकेने २०२२ चा विजेता पृथ्वीराज पाटील याला हरवून महाराष्ट्र केसरी किताब पटकावला. नवख्या वाचकाला ही छपाईची चूक वाटेल.

कारण आहे संघटनेतली फूट. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद अनेक दशके ही स्पर्धा भरवत आली. स्पर्धेचा पहिला किताब १९६१ चा. परिषदेचे अध्यक्षपद दीर्घकाळ शरद पवार यांच्याकडे होते आणि कारभार बाळासाहेब लांडगे पाहत. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली आणि माजी खासदार रामदास तडस यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाला मान्यता दिली. परिषदेने ते मानले नाही, वाद न्यायालयात गेला. तेव्हापासून दोन्ही बाजू आपापली स्पर्धा भरवतात. कोणत्या स्पर्धेच्या मांडवात कोणत्या पक्षाचे नेते दिसतात, यावरून आयोजक ओळखण्याइतके शौकीन आता तरबेज झाले आहेत.

मान्यता काढून घेणाऱ्या महासंघाची स्थिती तरी काय होती? जानेवारी २०२३ मध्ये पुण्याची स्पर्धा संपली आणि चारच दिवसांनी, १८ तारखेला, देशातले आघाडीचे मल्ल महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण सिंह यांच्याविरोधात जंतरमंतरवर बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले, डिसेंबरमध्ये क्रीडा मंत्रालयाने. म्हणजे गल्लीत दोन संघटना आणि दिल्लीतली वरची संघटना स्वतःच निलंबित. (दोन्ही निलंबने पुढे उठली.) अशा काळात पंचाच्या निर्णयाविरुद्ध पैलवानाने दाद कोणाकडे मागायची?

‘डबल’, ‘ट्रिपल’ या बिरुदांचा गोंधळही यातूनच. राक्षेला ‘डबल महाराष्ट्र केसरी’ म्हणतात, कारण पुण्याचा जानेवारी २०२३ चा किताब एका संघटनेचा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धाराशिवला सदगीरला हरवून मिळवलेला दुसरीचा. म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये राक्षे एका मैदानात हरला आणि काही दिवसांनी दुसऱ्या मैदानात जिंकला. ही बेरीज मान्य करायची की नाही, यावरून चहा थंड होईपर्यंत वाद घालता येतो. दादू चौगुले, लक्ष्मण वडार यांच्या काळात असा हिशेब करावा लागत नव्हता.

एका थापेवर एवढे काय पणाला लागते?

गदेचे मोल मानाचे आहेच, पण ते पोटाचेही आहे. सलग तीन वेळा किताब जिंकणारा नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि त्याच्यामागून तीच कामगिरी करणारा विजय चौधरी (२०१४ ते २०१६) हे दोघे राज्य पोलिसांत उपअधीक्षक झाले. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या शेतकरी घरात हे पद कुस्तीवाटे आले, हे तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्याशिवाय यात्रा-जत्रांचे अर्थकारण. महाराष्ट्र केसरी नावापुढे लागले की मैदानात जोड लावताना इनामाचा आकडा बदलतो. दूध, तूप, बदाम, तालमीचे भाडे आणि दुखापतीवरचे उपचार यांचा महिन्याचा खर्च शेतकरी बाप वर्षानुवर्षे सोसत असतो, तो या आशेवर.

आणि किताब मिळूनही सगळे सुरळीत होतेच असे नाही. साताऱ्यात जिंकल्यावर आपल्याला गदा मिळाली, रोख बक्षीस नाही, अशी खंत पृथ्वीराज पाटीलने जाहीरपणे मांडली होती. त्यानंतरच्या स्पर्धांत विजेत्याला थार गाडी देण्याइतका थाट आला. बक्षीस वाढले, तसा एका गुणाचा भावही वाढला. कॅमेरे, पंचांचे प्रशिक्षण आणि दाद मागण्याची व्यवस्था यांवर त्याच प्रमाणात खर्च वाढलेला मैदानात तरी दिसत नाही. एका मोटारीच्या किमतीत गादीच्या चारही बाजूंना चांगले कॅमेरे बसतील.

या पार्श्वभूमीवर तीन वर्षांची बंदी म्हणजे काय, ते कळते. जड गटातल्या पैलवानाची ऐन भरातली वर्षे मोजकीच. त्यातून तीन हंगाम वजा झाले, तर परत येताना समोर पाच-सात वर्षांनी लहान पोरे उभी असतात.

मग लोक ‘हे तर डब्ल्यूडब्ल्यूई झाले’ असे का म्हणतात?

अहिल्यानगरचा व्हिडीओ पाहून अनेकांनी हेच म्हटले. वास्तविक ही तुलना डब्ल्यूडब्ल्यूईवर अन्याय करणारी आहे. तिथे पंचाला लाथ बसते ती आधी ठरवून. निकाल लिहिलेला, वैर लिहिलेले, मैत्रीही लिहिलेली. ही स्पर्धा नसून मनोरंजन आहे, हे कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे मान्य केले होते. तरीही एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आलेले हे सामने खारघरच्या इमारतींतली मुले आवडीने पाहतात आणि कोणाचे वैर पुढे कसे रंगणार यावर वाद घालतात. त्यांना फसवल्यासारखे वाटत नाही, कारण पटकथा चांगली की वाईट एवढाच त्यांचा वाद असतो. मुंबईकरांना हा प्रकार नवा नाही. दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजींना त्यांचे आजोबा तिकीट काढून जात होते.

महाराष्ट्र केसरीचा शौकीन मात्र पटकथा नाही या विश्वासावर रात्री अकरापर्यंत जागा राहतो. एका तालमीतली वैरे इथे पाहुण्यांना दाखवायला नसतात. सदगीर आणि शेळके दोघेही काका पवार यांचे शिष्य. २०२० मध्ये जिंकल्यावर सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली होती, तेही कोणी लिहून दिले नव्हते.

पुढच्या मैदानात काय पाहावे?

पैलवान खाली गेला की सगळ्यांचे डोळे त्याच्या पाठीवर खिळतात. पुढच्या वेळी क्षणभर पंचाकडे पाहा. त्याच्या डाव्या मनगटावर लाल आणि उजव्या मनगटावर निळी पट्टी असते. ज्या रंगाचा हात वर, त्या पोशाखाच्या पैलवानाला गुण, आणि जितकी बोटे तितके गुण. चितपटीच्या वेळी तो थाप मारण्याआधी मान वर करून जज किंवा मॅट चेअरमनकडे पाहतो का, हे पाहा. पाहिले आणि तिकडून होकार आला, तर निर्णय पटो न पटो, रीत पाळली गेली. न पाहताच थाप पडली, तर हरकत घ्यायला जागा आहे. कोपऱ्यातल्या वस्तादाच्या हातात ठोकळा आहे का आणि तो कधी फेकतो, हेही पाहण्यासारखे. गुण पडल्यावर लगेच फेकला तर त्याची खात्री आहे. मोबाइलवर कोणीतरी व्हिडीओ दाखवल्यावर फेकला, तर बहुधा उशीर झालेला असतो.

आणि ‘महाराष्ट्र केसरी’ म्हटल्यावर फक्त पुरुषांची गदा डोळ्यांपुढे येत असेल, तर मार्च २०२३ ची सांगलीतली लढत शोधून पाहा. पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीच्या त्या अंतिम फेरीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने बाजी मारली. तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील, म्हणजे पनवेलहून लोकलने ठाण्याला गाडी बदलून गाठता येईल इतक्या जवळच्या शहरातली.